मेडिकेडवरचे बाळंतपण आणि डॉक्टरचा शोध

अमेरिकेत होणाऱ्या दर पाच बाळंतपणांपैकी सुमारे दोन मेडिकेड या सरकारी आरोग्यविम्यावर होतात. एवढी मोठी योजना म्हटल्यावर तिच्यात डॉक्टर सहज मिळत असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात मेडिकेडचे कार्ड हातात पडणे वेगळे आणि त्या कार्डावर बाळंतपण करणारा डॉक्टर वेळेत मिळणे वेगळे. कार्ड कोणाला मिळणार हे कायदा ठरवतो. डॉक्टर मिळणार की नाही, हे डॉक्टर, विमा कंपनी आणि हॉस्पिटल यांनी आपापसांत केलेल्या करारांवर अवलंबून असते, आणि हे करार एकमेकांशी जुळलेले असतीलच याची हमी कोणी देत नाही.

३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यातून मेडिकेअर आणि मेडिकेड अशा दोन योजना एकदमच निघाल्या. नावे सारखी असल्याने त्यांची आजही गल्लत होते. मेडिकेअर मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांसाठी आहे आणि ती केंद्र सरकार चालवते. मेडिकेड कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आहे. तिचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून उचलतात आणि कारभार राज्यांकडे असतो. त्यामुळे पन्नास राज्यांत पन्नास तऱ्हा. नावेसुद्धा वेगळी: कॅलिफोर्नियात मेडी-कॅल, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ, टेनेसीत टेनकेअर, ओक्लाहोमात सूनरकेअर, न्यू जर्सीत एनजे फॅमिलीकेअर. वॉशिंग्टन राज्यात तर योजनेचे नाव ॲपल हेल्थ आहे. नव्याने आलेल्या माणसाला ती फोन बनवणाऱ्या कंपनीची योजना वाटली तर त्याचा दोष नाही.

गरोदर स्त्रीसाठी उत्पन्नाची मर्यादा इतरांपेक्षा सैल असते. केंद्राच्या नियमानुसार दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या गरोदर स्त्रीला प्रत्येक राज्याने योजनेत घेतलेच पाहिजे, आणि बरीच राज्ये २०० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याही पुढे जातात. कुटुंबातली माणसे मोजताना पोटातले बाळही धरले जाते. नवरा-बायको दोघेच असले तरी पहिलटकरणीचे कुटुंब तिघांचे. २०२५ साली तिघांच्या कुटुंबाची दारिद्र्यरेषा वर्षाला २६,६५० डॉलर होती. तिच्या १३८ टक्के म्हणजे ३६,७७७ डॉलर. एरवी उत्पन्न थोडे जास्त म्हणून अर्ज नाकारला गेलेली स्त्री दिवस राहिल्यावर पात्र ठरू शकते, ही बाब अनेकींना उशिरा कळते.

अर्जाचा निकाल लागायला ४५ दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. गरोदरपणात दीड महिना ही थोडी मुदत नव्हे. म्हणून बऱ्याच राज्यांत तात्पुरत्या पात्रतेची सोय आहे: ठरावीक दवाखाने आणि हॉस्पिटले उत्पन्नाची जुजबी विचारपूस करून त्याच दिवशी तात्पुरते संरक्षण देऊ शकतात आणि तपासण्या सुरू होतात. शिवाय मेडिकेडचे संरक्षण आजवर अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांपर्यंत मागे जाऊन लागू होत आले आहे. २०२५ च्या कायद्याने ही मुदत २०२७ पासून कमी केली आहे. कार्ड आल्याशिवाय डॉक्टर शोधायचाच नाही, असे ठरवणारी स्त्री म्हणून आपले नुकसान करून घेते. अर्ज आणि शोध एकदमच सुरू व्हायला हवेत.

डॉक्टर मेडिकेडला नाखूश का असतात, याचे पहिले उत्तर पैसा. फी राज्य ठरवते आणि ती कमी असते. २०१९ च्या दरांच्या एका तुलनेत सगळ्या सेवा मिळून मेडिकेडची फी मेडिकेअरच्या साधारण ७२ टक्के भरली. बाळंतपणाच्या सेवांसाठी ती ८० टक्क्यांच्या जवळ होती. खासगी विमा कंपन्या तर मेडिकेअरपेक्षाही जास्त देतात. तरीही मानसोपचारतज्ज्ञांच्या मानाने प्रसूतितज्ज्ञ मेडिकेड बरेच जास्त घेतात, कारण हा विमा नाकारायचा म्हणजे देशातल्या चाळीस टक्के बाळंतिणींना दारातूनच परत पाठवायचे. ते परवडणारे डॉक्टर थोडे. बहुतेक जण मधला मार्ग काढतात: मेडिकेडच्या ठरावीक पेशंट घ्यायच्या आणि तेवढ्या झाल्या की सध्या जागा नाही असे सांगायचे.

दुसरे कारण फारसे बोलले जात नाही, पण शोध घेणाऱ्या स्त्रीला त्याचाच फटका जास्त बसतो. अमेरिकेत बाळंतपणाची फी पुष्कळदा उक्ती असते. गरोदरपणातल्या तपासण्या, प्रत्यक्ष प्रसूती आणि नंतरची तपासणी या सगळ्यांचे मिळून एकच बिल, एकाच कोडखाली लागते. तपासण्या २८ आठवड्यांपर्यंत महिन्याला एक, ३६ पर्यंत पंधरवड्याला एक आणि पुढे दर आठवड्याला, असा जुना परिपाठ आहे. एवढे सगळे एका रकमेत बसवलेले असताना सातव्या-आठव्या महिन्यात दुसरीकडून आलेली स्त्री डॉक्टरला नको असते: हिशेबाची फोडाफोड करावी लागते, आधीचे रिपोर्ट अर्धवट असतात, आणि काही बिघडले तर जबाबदारी मात्र पूर्ण. प्रसूतितज्ज्ञांचा व्यावसायिक चुकांबद्दलचा विमा फार महाग असतो, हेही त्यामागे आहे. म्हणून कित्येक दवाखान्यांनी २८ किंवा ३२ आठवड्यांनंतर नवीन पेशंट घ्यायची नाही असा नियमच करून टाकला आहे. महाराष्ट्रात तिसऱ्या महिन्यात हॉस्पिटलात नाव घालण्याची जी घाई असते, तीच इथे वेगळ्या कारणाने लागू पडते.

‘डॉक्टर मेडिकेड घेतात का?’ हा प्रश्न सरळ वाटतो, पण त्याचे उत्तर ‘हो’ आले तरी काम झालेले नसते. बहुतेक राज्यांत सरकार डॉक्टरचे बिल स्वतः भरत नाही. ते खासगी विमा कंपन्यांना दर माणशी दरमहा ठरलेली रक्कम देते आणि कंपनी आपल्या पॅनेलवरच्या डॉक्टरांकडून सेवा पुरवते. एकाच राज्यात अशा चार-पाच कंपन्या असतात. डॉक्टर राज्याकडे नोंदलेला असेल, पण या स्त्रीच्या कंपनीच्या पॅनेलवर नसेल. पॅनेलवर असेल, पण नवीन पेशंट घेत नसेल. नवीन पेशंट घेत असेल, पण फक्त स्त्रीरोगासाठी. बाळंतपणे करणे त्याने वयोमानाने सोडलेले असेल. किंवा त्याच्या दोन दवाखान्यांपैकी एकाच ठिकाणी हा विमा चालत असेल. यातला कोणताही एक दुवा तुटला की ‘हो’चे ‘नाही’ होते.

कार्डावरच्या नावामुळे होणारा घोटाळा तर नेहमीचा. युनायटेडहेल्थकेअर किंवा एटना यांसारख्या कंपन्या नोकरदारांसाठी एक विमा विकतात आणि मेडिकेडसाठी वेगळाच प्लॅन चालवतात. फोनवर ‘आमचा युनायटेडचा विमा आहे’ असे सांगितले की रिसेप्शनिस्ट ‘चालेल’ म्हणते. पहिल्या भेटीच्या दिवशी कार्ड काउंटरवर ठेवले जाते, त्यावर ‘कम्युनिटी प्लॅन’ हे मेडिकेडच्या प्लॅनचे नाव असते आणि भेट तिथेच रद्द होते. तीन आठवडे वाट पाहिलेली असते, ती पाण्यात. म्हणून फोन करताना कार्ड समोर ठेवून प्लॅनचे पूर्ण नाव अक्षरशः वाचून दाखवणे, त्यावरचा सदस्य क्रमांक देऊन ‘विमा तपासून सांगा’ अशी विनंती करणे आणि किती आठवडे झाले आहेत ते सांगणे, या तीन गोष्टी आधी झाल्या पाहिजेत. शेवटचा प्रश्न असा: डॉक्टर कोणत्या हॉस्पिटलात बाळंतपण करतात, आणि ते हॉस्पिटल याच प्लॅनच्या पॅनेलवर आहे का? हा प्रश्न बहुतेक जणी विचारत नाहीत.

कंपनीच्या संकेतस्थळावर डॉक्टरांची यादी असते. तिच्यावर किती विसंबावे याचे उत्तर केंद्रीय आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने २०१४ साली दिले. त्यांच्या माणसांनी पेशंट म्हणून यादीतल्या डॉक्टरांकडे फोन केले, तेव्हा निम्म्याहून किंचित जास्त, म्हणजे ५१ टक्के डॉक्टरांकडे भेट मिळालीच नाही. ३५ टक्के डॉक्टर दिलेल्या पत्त्यावर सापडलेच नाहीत. काही त्या प्लॅनमध्ये नव्हते, तर काही नवीन पेशंट घेत नव्हते. एवढी चुकीची यादी प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीला सरकार दरमहा पैसे मोजत होते, हे लक्षात घेतले तर दोष एकट्या डॉक्टरांवर टाकता येत नाही. २०२४ मध्ये केंद्राने नियम केला की स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञाची नेहमीची भेट कामाच्या १५ दिवसांत मिळाली पाहिजे आणि ती मिळते की नाही हे असेच गुपचूप फोन करून तपासले जावे. पण अंमलबजावणीची मुदत २०२७ आणि त्यापुढची ठेवली.

या सगळ्यामुळे शोध उलट दिशेने केलेला बरा पडतो: आधी हॉस्पिटल, मग डॉक्टर, मग प्लॅन. अमेरिकेत खासगी डॉक्टरचे स्वतःचे प्रसूतिगृह सहसा नसते. तो तपासण्या आपल्या दवाखान्यात करतो आणि बाळंतपण जिथे त्याला परवानगी आहे त्या हॉस्पिटलात. घरापासून पोहोचण्यासारखी प्रसूती विभाग असलेली हॉस्पिटले मोजकीच असतात, त्यामुळे यादी लगेच आखूड होते. त्या हॉस्पिटलात फोन करून तिथे कोण कोण बाळंतपणे करतात आणि त्यांच्यापैकी मेडिकेड कोण घेते, हे विचारले की मिळणारी नावे कंपनीच्या यादीपेक्षा ताजी असतात. मधुमेह, रक्तदाब किंवा जुळे असेल तर त्या हॉस्पिटलात नवजात अतिदक्षता विभाग कोणत्या दर्जाचा आहे, हेही याच फोनवर कळते.

नावे हाती आली की प्लॅन निवडायचा. मेडिकेड मंजूर होताना राज्य कंपनी निवडण्याची संधी देते. न निवडल्यास स्वतःच एक नेमून देते. नेमून दिलेली कंपनी पसंत नसेल तर पहिल्या ९० दिवसांत कोणतेही कारण न देता बदलता येते. डॉक्टर ठरला आहे पण तो दुसऱ्या प्लॅनवर आहे, अशा वेळी डॉक्टर बदलण्यापेक्षा प्लॅन बदलणे सोपे असते. ही सोय वापरणाऱ्या मात्र कमीच. प्रसूतितज्ज्ञाकडे जाण्यासाठी आधी फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी आणावी लागत नाही, तो हक्क केंद्रीय नियमानेच दिलेला आहे. कुटुंबनियोजनाच्या सेवांसाठी तर पॅनेलबाहेरच्या, पण मेडिकेड घेणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे जाता येते.

खासगी दवाखान्यांनी हात वर केले तरी दोन दारे बहुधा उघडी असतात. पहिले, वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या मोठ्या हॉस्पिटलांची स्वतःची प्रसूती क्लिनिक. तिथे शिकाऊ डॉक्टर तपासतात आणि वरिष्ठ देखरेख करतात. दर वेळी वेगळा चेहरा समोर येतो, रांग लांब असते; पण अवघड केस हाताळायची वेळ आली तर सगळे तज्ज्ञ त्याच छपराखाली असतात. शिकाऊ डॉक्टर म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की शहरातल्या सर्वात गुंतागुंतीच्या प्रसूती बहुधा याच ठिकाणी पाठवल्या जातात.

दुसरे दार सामुदायिक आरोग्य केंद्रांचे. यांची सुरुवातही १९६५ च्या सुमाराचीच. जॅक गायगर आणि काउंट गिब्सन या दोन डॉक्टरांनी बॉस्टनमधील कोलंबिया पॉइंट येथे आणि मिसिसिपीतल्या माउंड बायू या गावी पहिली केंद्रे उभी केली. आज अशा सुमारे १,४०० संस्था हजारो ठिकाणी दवाखाने चालवतात. केंद्र सरकारचे अनुदान घेत असल्याने त्यांना मेडिकेड नाकारता येत नाही, आणि विमा नसलेल्यांकडून उत्पन्न पाहून फी घ्यावी लागते. त्यांना मेडिकेड नकोसे वाटत नाही याचे कारणही हिशेबातच आहे: त्यांना सामान्य दराऐवजी प्रत्येक भेटीमागे खर्चावर आधारलेला वेगळा, चांगला दर मिळतो, आणि त्यांच्या डॉक्टरांच्या चुकांची नुकसानभरपाई केंद्र सरकार आपल्या अंगावर घेते. खासगी डॉक्टरला नाखूश करणारी दोन्ही कारणे इथे उरत नाहीत. काही केंद्रांत तपासण्या होतात, बाळंतपण मात्र जोडलेल्या हॉस्पिटलात. ते हॉस्पिटल कोणते हे पहिल्याच भेटीत विचारलेले बरे.

प्रशिक्षित नर्स-मिडवाइफ हाही पर्याय आहे. सुईण म्हटल्यावर मराठी मनात जे चित्र उभे राहते त्याच्याशी तिचा संबंध नाही. तिने नर्सिंगनंतर पदव्युत्तर शिक्षण आणि परवाना घेतलेला असतो आणि ती बहुधा हॉस्पिटलातच बाळंतपण करते. तिची सेवा प्रत्येक राज्याच्या मेडिकेडने देणे बंधनकारक आहे. गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात प्रसूतितज्ज्ञच हवा, हा हट्ट धरला तर शोध विनाकारण लांबतो.

खेड्यांत मात्र विम्याआधी डॉक्टरचाच पत्ता नसतो. मार्च ऑफ डाइम्स या संस्थेच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातल्या ३५ टक्क्यांहून अधिक काउंटींमध्ये ना प्रसूती विभाग असलेले हॉस्पिटल आहे, ना प्रसूतिगृह, ना एकही प्रसूतितज्ज्ञ किंवा मिडवाइफ. ग्रामीण हॉस्पिटले प्रसूती विभाग बंद करत चालली आहेत, कारण वर्षाला शे-दीडशे बाळंतपणांसाठी चोवीस तास भूलतज्ज्ञ आणि नर्स ठेवणे परवडत नाही. त्यातली निम्मी मेडिकेडवर असतील तर मुळीच नाही. अशा ठिकाणी उपयोगी पडणारी एक सोय म्हणजे प्रवासखर्च. तपासणीला नेण्या-आणण्याची व्यवस्था हा मेडिकेडचाच भाग आहे. गाडी मात्र काही दिवस आधी फोन करून नोंदवावी लागते, आणि ती वेळेवर येईलच असा भरवसा धरणारे कमी.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांपैकी बहुतेकांचा विमा नोकरीतून येतो, त्यामुळे मेडिकेडचा विषय आपला नाही असे ते धरून चालतात. पण तुटपुंज्या शिष्यवृत्तीवर पीएचडी करणाऱ्याची पत्नी, मोटेलात किंवा दुकानात काम करणारे जोडपे, नोकरी जाताच विमाही गेलेले कुटुंब यांच्यापुढे हा प्रश्न येतो. १९९६ च्या कायद्याने ग्रीन कार्ड मिळाल्यावरही साधारणपणे पाच वर्षे मेडिकेड मिळत नाही. २००९ च्या कायद्याने मात्र राज्यांना गरोदर स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी ही अट काढून टाकण्याची मुभा दिली, आणि त्यात वैध व्हिसावर राहणाऱ्यांनाही घेता येते. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स अशी मराठी वस्तीची राज्ये त्या मार्गाने गेली आहेत. ग्रीन कार्डावर परिणाम होईल ही भीती सर्वांत मोठी असते. २०२२ च्या नियमात गरोदरपणातले मेडिकेड अर्जदाराच्या विरोधात धरलेले नाही. पण हा नियम सरकारागणिक बदलत आला आहे, तेव्हा प्रत्यक्ष अर्जाच्या वेळी जाणकार वकिलाला विचारणे शहाणपणाचे. इंग्रजी बेताचे असेल तर दुभाषा मोफत देणे दवाखान्यावर बंधनकारक आहे. मराठीचा दुभाषा फोनवर मिळू शकतो, फक्त तो भेट ठरवतानाच मागावा लागतो. नाहीतर ‘इंडियन’ म्हणून हिंदीचा माणूस जोडून दिला जातो.

डॉक्टर मिळाल्यावर काउंटरवर काय मागता येते आणि काय नाही, हेही माहीत असावे. गरोदरपणाशी संबंधित सेवांसाठी मेडिकेडच्या पेशंटकडून वरकड पैसे घेता येत नाहीत, आणि मेडिकेडने दिलेली फी डॉक्टरने पूर्ण फी म्हणून स्वीकारलीच पाहिजे. ‘डिपॉझिट भरा, विमा आला की परत करू’ ही भाषा भारतात अंगवळणी पडलेली असल्याने नवीन आलेले लोक मुकाट्याने पैसे काढून देतात.

बाळंतपणानंतर लगेच कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घ्यायची असेल तर एक फॉर्म वेळेत भरावा लागतो. सही आणि शस्त्रक्रिया यांत किमान ३० आणि जास्तीत जास्त १८० दिवसांचे अंतर हवे, आणि स्त्रीचे वय किमान २१. हा नियम १९७० च्या दशकातला. गरीब, कृष्णवर्णीय आणि स्पॅनिशभाषक स्त्रियांवर त्यांच्या संमतीशिवाय शस्त्रक्रिया झाल्याचे उघड झाल्यावर तो आला. हेतू चांगला होता, पण खासगी विमा असलेल्या बाईला तो लागू नाही. त्यामुळे मेडिकेडवरची जी स्त्री आठव्या महिन्यापर्यंत सही करायला विसरते, तिला बहुधा शस्त्रक्रियेविनाच घरी जावे लागते. मुदतीआधी प्रसूती झाली तर अपवाद होतो, तोही सही होऊन ७२ तास उलटले असतील तर. हॉस्पिटल कॅथलिक संस्थेचे असल्यास ही शस्त्रक्रिया तिथे सहसा होतच नाही. हॉस्पिटल ठरवतानाच हे विचारून घेतले तर शेवटच्या महिन्यात धावपळ होत नाही.

इतके करूनही डॉक्टर मिळत नसेल तर गाऱ्हाणे घेऊन जायचे ठिकाण म्हणजे विमा कंपनीच. कार्डाच्या मागे सदस्यसेवेचा नंबर असतो. तिथे किती आठवडे झाले, कोणत्या दवाखान्यांनी नकार दिला आणि कोणत्या तारखेला, हे सांगून ‘तुम्हीच भेट ठरवून द्या’ अशी मागणी करता येते. पॅनेलवर वेळेत कोणी उपलब्ध नसेल तर पॅनेलबाहेरच्या डॉक्टरचे पैसे कंपनीला भरावे लागतात. पुष्कळ कंपन्या गरोदर स्त्रियांसाठी खास नर्स नेमतात आणि तिच्या एका फोनने जे काम होते ते स्वतःच्या दहा फोनांनी होत नाही. कंपनीने दाद दिली नाही तर राज्याकडे सुनावणी मागता येते. आणि काहीच जमले नाही, कळा सुरू झाल्या, तर १९८६ च्या कायद्यानुसार आपत्कालीन विभाग असलेल्या हॉस्पिटलाला अशा स्त्रीला विम्याच्या कारणाने परत पाठवता येत नाही. पण तिथे तिचा आधीचा एकही कागद नसतो, आणि समोरचा डॉक्टर तिला पहिल्यांदाच पाहत असतो.

पूर्वी बाळंतपणानंतर ६० दिवसांनी आईचे मेडिकेड संपत असे. बाळंतिणींचे बरेच मृत्यू त्या दोन महिन्यांनंतर होतात हे दिसून आल्यावर २०२१ च्या कायद्याने राज्यांना ते वर्षभर चालू ठेवण्याची मुभा दिली, आणि जवळजवळ सर्व राज्यांनी ती घेतली आहे. प्रसूतीच्या वेळी आई मेडिकेडवर असेल तर बाळालाही वर्षभर ते आपोआप मिळते, वेगळा अर्ज लागत नाही. फक्त जन्माची नोंद हॉस्पिटलाकडून राज्याकडे गेली आहे ना, हे घरी जाण्यापूर्वी पाहून घ्यावे लागते. बाळाचा डॉक्टर मात्र स्वतंत्र शोधावा लागतो, आणि हॉस्पिटलातून सुट्टी देताना त्याचे नाव विचारतातच. आठव्या महिन्यात प्रसूतितज्ज्ञाच्याच दवाखान्यात चौकशी केली की त्याच प्लॅनवरच्या बालरोगतज्ज्ञांची नावे सहसा मिळतात.